प्रसेनजित राजाचे ताट आणि आपल्याकडची हळद

"डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. मग आता हळदीला, लग्नाला जायचंच नाही का?" वस्तीत आरोग्य तपासणीचे शिबिर लागले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या बोलण्यात थोडी थट्टा असते आणि थोडी भीतीही. भीती खोटी नाही. आपले जगणेच माणसांत आहे. एका खोलीत सहा जण राहतात, पण दारात मांडव पडला की सगळी गल्ली आपलीच होते. नामकरण, साखरपुडा, हळद, लग्न, वाढदिवस, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमी. त्यात आपण मुहूर्त बघत नाही, त्यामुळे हंगामात एकही रविवार रिकामा जात नाही.

आमचे उत्तर असे की जायचे. नाचायचे, पंगतीला बसायचे, रात्री गप्पाही मारायच्या. जो माणूस वजनासाठी माणसे तोडतो तो महिनाभर टिकतो आणि मग दुप्पट खातो. बदलायच्या आहेत त्या तीन गोष्टी: ताटाचे माप, ग्लासातला पदार्थ आणि दोन कार्यक्रमांच्या मधले दिवस. कसे, ते या पाठात पाहू.

ताटाशी आपले नाते

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकरकी करून घरोघरचे भाकरीचे तुकडे मागून आणले. लग्नात त्यांची पंगत शेवटी आणि लांब बसायची. म्हणून आज आपल्या दारी हजार माणूस पोटभर मटण-भाकरी जेवते, तेव्हा ते नुसते जेवण नसते. तो मान असतो. "घ्या की अजून, लाजता काय" या आग्रहामागे चार पिढ्यांची भूक उभी आहे. हे न समजता "कमी खा" म्हणणारा डॉक्टर आपल्याला परका वाटतो.

पण त्याच वस्तीत आज चाळिशीतल्या माणसाला साखर निघते, पन्नाशीच्या आत एखाद्याला झटका येतो आणि कमावता हात गेल्यावर पोरांची शाळा सुटते. भुकेने माणसे गेली तो काळ मागे पडला. आता भरल्या ताटाने माणसे जाऊ नयेत, एवढीच काळजी आहे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार छळले. तो काही खादाडीचा आजार नव्हता. मधुमेहामागे घराण्यातला वारसा, वय, ताण, जागरण अशी अनेक कारणे असतात. पण ज्या आजाराशी झगडत त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहून पुरा केला, तो आजार आपण हाताने ओढवून घेऊ नये, इतके तरी आपण करू शकतो.

राजाने वजन कसे उतरवले

संयुत्त निकायात द्रोणपाक सुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. कोसलचा राजा प्रसेनजित, ज्याला पालीत पसेनदी म्हणतात, तो एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खायचा. द्रोण हे फार मोठे माप. एके दिवशी असाच तुडुंब जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, लाजवले नाही, उपास करायला सांगितले नाही. त्यांनी एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की जो सावध राहून जेवणाचे माप ओळखतो त्याला त्रास कमी होतो, त्याचे म्हातारपण हळू येते आणि आयुष्य जपले जाते.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले की ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की माझ्यासमोर म्हण, त्याबद्दल तुला रोज शंभर कहापण देईन. सुदस्सन रोज म्हणू लागला. अट्ठकथेत असे येते की राजा शेवटचा घास घेऊ लागला की ती गाथा म्हटली जाई, राजा तो घास ठेवून देई आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवले जात. असे करत करत राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे द्रोणाहून कितीतरी लहान माप. त्याचे अंग हलके झाले आणि भगवंतांनी आपल्यावर केवढी अनुकंपा केली, असे तो आनंदाने म्हणाला.

या सुत्तातून आपल्याला चार गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली, राजाने राज्य सोडले नाही आणि जेवण सोडले नाही. त्याने माप सोडले.

दुसरी, त्याने एका दिवसात निम्मे केले नाही. रोज एक घास कमी केला. शरीराला आणि जिभेला सवय होऊ दिली.

तिसरी, कमी करण्याची सुरुवात ताटात नाही तर चुलीवर झाली. जेवढे शिजते तेवढे खाल्ले जाते.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, त्याने स्वतःच्या मनावर भरवसा टाकला नाही. आठवण करून देणारा माणूस शेजारी ठेवला. राजाला त्यासाठी पैसे मोजावे लागले. आपल्याला बायको, नवरा, मुलगी, मित्र यांपैकी कोणीही फुकट सुदस्सन होऊ शकतो. फक्त त्याला तो अधिकार आधी द्यावा लागतो आणि त्याने आठवण केली की चिडायचे नाही.

वजन वाढते कुठे

आठवड्यात २१ जेवणे होतात. त्यातली दोन कार्यक्रमातली असली तरी १९ आपल्या हातात राहतात. वजन एका हळदीने वाढत नाही. हळदीचा उरलेला रस्सा सोमवारी दोन्ही वेळा खाल्ला जातो, मंगळवारी दुसऱ्या घरचा बुंदीचा डबा येतो, आणि रोजचा चहा तर चालूच असतो. हिशेब करून बघा. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. सुमारे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. तेल न लावलेल्या साध्या चपातीत सुमारे १०० कॅलरी असतात. म्हणजे दोन चपात्या आपण नुसत्या चहातून पितो.

तेलाचेही तसेच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. रश्श्यावरची लालभडक तर्री म्हणजे मुख्यतः तेलच. थंड पेयाच्या ६०० मिलीच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम, म्हणजे बारा चमचे साखर असते. एका गुलाबजामात सुमारे १५० कॅलरी असतात. मटणाचा तुकडा हा आपला खरा शत्रू नाही. त्यात चांगली प्रथिने आहेत. शत्रू आहे त्याच्या भोवतीचे तेल, भाताचा डोंगर आणि वरून प्यायले जाणारे गोड पाणी.

आपल्या बायकांबद्दल इथे वेगळे सांगायला हवे. घरातली बाई शेवटी जेवते आणि "वाया जायला नको" म्हणून सगळ्यांचे उरलेले तिच्याच पोटात जाते. अन्न टाकू नये हे खरे. पण पोट म्हणजे उरलेले भरायचा डबा नाही. उरेल एवढे शिजवूच नये, उरले तर लगेच वाटून टाकावे.

रोजच्या दिवशी कार्यक्रम नसताना कमी तेलाचे कालवण, एक वाटी उसळ किंवा डाळ, पालेभाजी, दोन भाकरी, काकडी-कांदा असे साधे जेवण आणि निम्म्या साखरेचा तीनच कप चहा, एवढे पाळले तरी शरीराला रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी मिळू शकतात. रोज ५०० कमी झाल्या तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते. यापेक्षा घाई करू नये.

पंगतीत बसताना

कार्यक्रमाला उपाशी पोटी जाऊ नये. "रात्री मटण आहे" म्हणून दुपारी न जेवणारा माणूस रात्री दुपटीने जेवतो. निघण्याआधी मूठभर भाजलेले चणे, एखादी काकडी किंवा एक वाटी मोड आलेली मटकी खाऊन निघावे.

ताट वाढून घेताना निम्मे ताट कोशिंबीर, भाजी आणि उसळीचे, पाव ताट मटण किंवा चिकनचे, पाव ताट भाकरीचे किंवा भाताचे, असे डोळ्यांनी माप घ्यावे. भाकरी आणि भात यांतले एकच घ्यावे. रश्श्याची वाटी थोडा वेळ तशीच ठेवून वरचे तेल चमच्याने काढावे. गोड आवडत असेल तर ते खुशाल खावे, पण एकच आणि शेवटी. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटे लागतात, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी शेजारच्याशी दोन गोष्टी बोलाव्यात. मग बहुतेक वेळा नको वाटते.

आग्रह मोडायचा कसा, हा खरा प्रश्न. "नको" म्हटले की यजमान ताईला वाईट वाटते. त्यापेक्षा "फार छान झालंय, पण साखर आहे मला, भाकरी अर्धीच द्या" असे सांगावे. आजार सांगण्यात कमीपणा नाही. आणि सुरुवातीलाच थोडे वाढून घेतले की दुसरा आग्रह घ्यायला जागा राहते.

ग्लासाबद्दल

आता अवघड भाग. हळद म्हटली की मांडवामागे एक बैठक बसते. "आज बसायचं का?" या तीन शब्दांत पार्टी म्हणजे दारू असे समीकरण तरुणांच्या डोक्यात पक्के झाले आहे. पाचव्या शीलाने मद्य वर्ज्य सांगितले आहे आणि बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती का, हे आरोग्याच्या भाषेत समजून घेऊ.

दारूतल्या एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे साखरेपेक्षा जास्त. नेहमीच्या व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४०० हून जास्त कॅलरी असतात, म्हणजे चार चपात्या. त्यांत ना प्रथिने, ना जीवनसत्त्वे. मध्यम बांध्याच्या माणसाला तेवढ्या खर्चायला साधारण दीड तास झपझप चालावे लागेल. शिवाय दारू पोटात गेली की शरीर आधी तिचा निकाल लावते आणि चरबी जाळण्याचे काम मागे पडते. भूक वाढते, विचार सैल होतो, मग फरसाण, तळलेले शेंगदाणे आणि मध्यरात्रीची बिर्याणी. झोप लागते पण मोडकी लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खा-खा सुटते. यकृतावर चरबी चढते, रक्तदाब वाढतो. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने दारू प्यायली तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि लोकांना वाटते की चढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की मित्र सोडू नका, बैठक सोडू नका, बाटली सोडा. हातात लिंबूपाणी, जिरे घातलेले ताक किंवा साधा सोडा-लिंबू असला तरी गप्पा रंगतात. शीलाला पालीत शिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. आज पिणाऱ्याला वाळीत टाकून काही साधत नाही. त्याला पायरी चढायला हात द्यावा. महिन्यात चार वेळा बसणाऱ्याने पुढच्या महिन्यात दोनदा आणि मग एकदाही नाही असे ठरवावे, आणि कोणाला तरी सुदस्सन नेमावे. पण जो रोज सकाळपासून पितो त्याने मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. अशाने सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

तरुणांना एक सांगावेसे वाटते. ३१ डिसेंबरची रात्र पिऊन काढायची आणि १ जानेवारीला लाल डोळ्यांनी कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायची, हे शोभत नाही. त्या रात्री गाणी म्हणा, नाचा, आणि सकाळी ताज्या पायांनी चालत जा.

यजमानाचे काम

पाहुण्याने कितीही ठरवले तरी मांडवात जे असते तेच तो खातो. म्हणून खरा बदल यजमान आणि मंडळ करू शकतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असतेच. तर जेवण ८ ला सुरू करावे, १२ ला नाही. आचाऱ्याला तेल मोजून द्यावे. काकडी, टोमॅटो, कांदा आणि लिंबू भरपूर ठेवावेत. थंड पेयांच्या क्रेटऐवजी ताकाचा आणि पाण्याचा पिंप ठेवावा. गोड एकच करावे. बुद्ध पौर्णिमेची खीर वाटीभर नव्हे, चार चमचे वाटावी. जयंतीच्या मिरवणुकीत जागोजागी पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचे सरबत असावे, कारण एप्रिलच्या उन्हात घाम फार जातो. दारूची वर्गणी काढणाऱ्या मंडळाने ती अभ्यासिकेतल्या पंख्यासाठी आणि पुस्तकांसाठी वापरून बघावी.

हलते राहणे

प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग. मनापासून तासभर नाचले तर सुमारे ३०० कॅलरी खर्च होतात, म्हणून नाचायला लाजू नका. भगवंतांनीही चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत. प्रवास झेपतो, श्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते.

"मी चार घरची धुणीभांडी करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" असे ताई विचारतात. त्या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. पण त्या कामात कंबर आणि मनगट झिजते, छातीचा ठोका सलग वाढलेला राहत नाही. म्हणून कामावर जाता-येता एक थांबा आधी उतरून पंधरा-पंधरा मिनिटे भरभर चालले तरी दिवसाचा अर्धा तास होतो. घरात जागा नसली तरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून दहा दंड, अशा तीन फेऱ्या होतात.

मोजायचे कसे

वजनकाटा नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत आपली उंची मोजा आणि सुतळी तिथे कापा. ती दुहेरी करून श्वास सोडल्यावर कमरेभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध गुंडाळा. टोके एकमेकांना मिळाली तर ठीक. मिळाली नाहीत तर पोट वाढले आहे. टेपने मोजायचे तर आपल्याकडच्या पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला मोजावे. ८० किलोच्या माणसाने चार किलो जरी उतरवले तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो.

सुरुवात करण्याआधी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत असते. चालताना किंवा नाचताना छातीत दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटून गरगरले, तर लगेच थांबून रुग्णालय गाठावे. "गॅस असेल" म्हणून वाट पाहू नये. साखरेची औषधे घेणाऱ्या उपासक-उपासिकांनी उपोसथाला दुपारनंतर न जेवण्याचे शील डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गरोदर माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने चालतो. विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. त्याआधी सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालावे. तीन महिन्यांत चार ते सहा किलो उतरू शकतात, आणि पुढच्या हंगामात त्याच मांडवात आपण जास्त वेळ नाचू.

विहारात चर्चेसाठी

१. प्रसेनजिताला भगवंतांनी उपास करायला का सांगितले नसेल?
२. आपल्या घरात सुदस्सन कोण होईल, आणि त्याने कोणत्या शब्दांत आठवण करून द्यावी?
३. आपल्या वस्तीतल्या पुढच्या हळदीत कोणते तीन बदल यजमानाला न दुखावता करता येतील?